साळवे सरांचं मागणं

साळवे सरांचा आवाज मी आधी ऐकला, माणूस नंतर पाहिला. बहारीनमध्ये, ईसा टाउनच्या भारतीय शाळेत माझा पहिलाच दिवस होता. दुसऱ्या मजल्यावर नववीच्या वर्गात मी बीजगणिताला हात घातला होता आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी आम्ल आणि अल्कली शिकवत होतं. शब्दन् शब्द वर येत होता. ते ओरडणं नव्हतं. माणूस शांतपणे बोलत होता, पण तो आवाजच एका खोलीत मावणारा नव्हता. मी खिडकी लावायला गेले तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅम, साळवे सर आहेत. खिडकी लावून काही फरक पडत नाही."

देवदान साळवे मूळचे नगरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. उंची बेताची, छाती रुंद, शर्टाची बाही कायम कोपरापर्यंत दुमडलेली आणि उजव्या हाताच्या अंगठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग. मी बहारीनला आले तेव्हा त्यांना इथे पंधरा वर्षं झाली होती. ते नईम भागात आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून राहत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं, "जोशीबाई, बसच्या भानगडीत पडू नका. माझ्या गाडीत जागा आहे. सव्वासहाला खाली उभ्या राहा. सहा सोळाला मी निघून गेलेलो असेन."

गाडीत तिसरे रफिकभाई असत. दापोलीकडचे. शाळेच्या बसगाड्या, त्यांचे मार्ग, ड्रायव्हरांच्या सुट्ट्या हे सगळं त्यांच्याकडे होतं. स्वतः मात्र साळवे सरांच्या गाडीतून यायचे. बसमध्ये बसलो की ड्रायव्हर लोक वाटभर तक्रारी सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

गाडी सुरू करण्याआधी सर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून अर्धा मिनिट डोळे मिटत. मागच्या सीटवर रफिकभाई त्यांचं बिस्मिल्ला पुटपुटत. मी समोरच्या काचेवरची धूळ बघत बसे. माझा देवाधर्माशी संबंध गणपतीत आरती म्हणण्यापुरता होता आणि अजूनही तेवढाच आहे. त्या दोघांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

सर देवाकडे काहीही मागत. मुलांचा निकाल, पत्नी मार्थावहिनींच्या गुडघ्याचं दुखणं, प्रयोगशाळेच्या नळाचं पाणी. नईममध्ये संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नसे, तर ते चक्क पार्किंग मागत. एकदा आम्ही पाऊण तास त्याच चार गल्ल्यांतून फिरत होतो. शेवटी रफिकभाई म्हणाले, "सर, तुमचा अर्ज वर पोचलेला दिसत नाय."

"पोचलाय," सर म्हणाले. "नामंजूर झालाय."

मी त्यांना विचारलं होतं, देवाला असल्या गोष्टींसाठी त्रास देणं बरं दिसतं का. ते म्हणाले, "घरातल्या माणसाला आपण मीठ संपलंय हेसुद्धा सांगतो ना? मागायला लाजायचं कशाला, बाई. नाही म्हणायचं त्याच्या हातात आहे." हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. 'नाही' हेही उत्तर आहे असं ते म्हणत, आणि म्हणताना हसत. तेव्हा त्यांना मिळालेले नकार पार्किंगएवढे होते.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी दुपारी चर्चच्या आवारातल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळी जमत. तीसेक कुटुंबं. नगर, जालना, सोलापूर, मिरज. तिथलं गाणं साळवे सरांवर होतं. पेटी एक नर्सताई वाजवत, पण सूर सर देत. त्यांच्या वडिलांनी गावोगाव फिरून कीर्तनासारखी भजनं केली होती आणि ती सगळी सरांना पाठ होती. रविवारपासून गुरुवारपर्यंत गाडीत त्यांचा सराव चाले. हायवेवर ऐंशीच्या वेगाने जाताना ते खालचा सा लावत आणि रफिकभाई म्हणत, "यल्ला, चला, इंजिन गरम झाला."

एका हिवाळ्यात त्यांचा घसा बसला. आधी त्यांनी खडूला दोष दिला, मग एसीला, मग धुळीला. दोन महिन्यांनीही आवाज सुटेना. मार्थावहिनींनी बळेच डॉक्टरकडे नेलं. वहिनी एका नर्सरीत शिकवत. बारीक, चपळ बाई, सरांच्या निम्म्या वजनाच्या, आणि घरातले निर्णय त्याच घेत. तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर होता आणि बराच पुढे गेलेला होता. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. श्वासासाठी गळ्याला खाली कायमचं छिद्र राहणार होतं. जीव वाचण्याची आशा चांगली होती, पण आवाज जाणार होता.

त्यानंतरच्या शुक्रवारी वहिनींनी मला हॉलवर बोलावलं. त्या आठवड्यात मंडळींनी पाळीपाळीने उपास धरले होते. ऑपरेशनची गरजच पडू नये, निदान आवाज वाचावा, असं मागणं होतं. मी मागे खुर्चीवर बसले. सर गायले. बसलेल्या, चिरक्या आवाजात दीड तास गायले. बायका डोळे पुसत होत्या. सरांचे डोळे कोरडे होते. रविवारी गाडीत मी म्हटलं, "छान निरोप झाला, सर."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तो निरोप नव्हता, बाई. निरोप घेतला असता तर मागण्यात दम राहिला नसता."

ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. स्वरयंत्र गेलं.

तीन महिन्यांच्या रजेनंतर ते शाळेत आले तेव्हा गळ्याशी वहिनींनी शिवलेला पांढरा सुती रुमाल होता. त्यामागच्या छिद्रातून ते श्वास घेत. हातात टॉर्चएवढं एक यंत्र. ते हनुवटीखाली दाबून ओठ हलवले की एकसुरी, भुंग्यासारखा आवाज निघे आणि त्यात शब्द ओळखू येत. यंत्र धरायला एक हात लागायचा, म्हणून गाडी आता रफिकभाई चालवू लागले. गाडीच्या घरघरीत यंत्राचं बोलणं कळत नसे, तेव्हा सर मांडीवर मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि मार्कर घेऊन बसत.

आवाजाबरोबर बऱ्याच लहानसहान गोष्टीही गेल्या होत्या, त्या आम्हाला हळूहळू कळल्या. त्यांना फुंकर मारता येत नव्हती. चहा निवेपर्यंत ते समोर ठेवून बघत बसायचे. नाकातून हवा जात नसल्याने वास येत नव्हता. ज्या माणसाने वीस वर्षं मुलांना बाटली नाकाजवळ न नेता हाताने वारा घेऊन वास ओळखायला शिकवलं, तो आता स्टाफरूममध्ये डबा माझ्यापुढे करून पाटीवर लिहायचा, 'भाजी आंबली आहे का बघा.'

शाळेपुढेही प्रश्न होता. प्रयोगशाळेतल्या वाफा त्यांना चालणार नव्हत्या आणि वर्गात शिकवणार कसे? नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की इतक्या वर्षांचं घर महिन्याभरात आवरावं लागतं, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रिन्सिपल मॅडमनी एक टर्म बघू म्हणून नववीचे दोन वर्ग दिले.

पहिल्या दिवशी माझा तास शेजारच्याच वर्गात होता. भिंतीपलीकडून यंत्राची गुणगुण आली आणि पाठोपाठ चाळीस मुलांचं हसू. कोणीतरी म्हणालं, "सर, सखीरच्या ट्रॅकवर कार रेस सुरू झाली का?" हसू वाढलं. मग यंत्राचा आवाज आला, एकेक शब्द सुटा. "हसून घ्या. पाच मिनिटं देतो. मग अणूची रचना." हसू दोन मिनिटांतच संपलं. पाच मिनिटं हसत राहणं वाटतं तेवढं सोपं नसतं. टर्म संपली तेव्हा त्यांच्या वर्गांचे निकाल इतर वर्गांच्या बरोबरीचे होते आणि मॅडमनी काँट्रॅक्ट वाढवून दिलं. सरांनी हेही मागितलेलं होतं. हे मिळालं.

त्याच सुमारास एक प्रार्थनासभा झाली. मी तिथे नव्हते. मार्थावहिनींनी आमच्या घरी येऊन, चहाला हात न लावता सांगितलं ते असं.

बाहेरून एक प्रचारक आले होते. आजारी माणसं बरी करतात अशी त्यांची ख्याती होती. मंडळींपैकी काहींनी आग्रहाने सरांना नेलं. सर जायला तयार नव्हते असं नाही. मागायची आणखी एक जागा, एवढंच त्यांच्या मनात असावं. प्रचारकांनी त्यांना पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, मग त्यांच्या हातातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, आता बोला. प्रभूचं नाव घ्या.

सरांनी तोंड उघडलं. ओठ हलले. रुमालामागून हवा आली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. हॉलमध्ये दोनशे माणसं होती. प्रचारक माईकवर म्हणाले, "भाऊ, कुठेतरी विश्वास कमी पडतोय. मनात शंका आहे, ती काढून टाका."

सरांनी टेबलावरचं यंत्र उचललं, गळ्याला लावलं आणि म्हणाले, "विश्वास आहे. आवाज नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." आणि जागेवर येऊन बसले.

"घरी येताना मला म्हणाले, तो माणूस वाईट नाही, त्याला घाई झालीय," वहिनी म्हणाल्या. "ते माफ करून मोकळे होतात. मला नाही जमत. आणि त्या प्रचारकाचं सोडा हो. मी त्या वर बसलेल्यावर रागावलेय. मी वीस वर्षं यांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. आता नाही बसत. मागत पण नाही."

त्या खरंच थांबल्या. शुक्रवारी सर एकटे हॉलवर जाऊ लागले. मंडळींमधल्या बायकांनी समजूत घालून पाहिली, एकदोघी तर सरांनाच म्हणाल्या की तुम्ही नवरा आहात, तुम्ही सांगा. सरांनी त्यांना सांगितलं, "तिचं आणि त्याचं चाललंय. मी मध्ये पडणार नाही." घरी जेवणाआधी ते डोळे मिटत आणि वहिनी उघड्या डोळ्यांनी त्यांचं होईपर्यंत थांबत. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला होते तेव्हा हे पाहिलं. दोघांपैकी कोणीही अवघडलेलं नव्हतं.

वर्गातल्या एका मुलीने त्यांना सरळच विचारलं होतं. तासाला मी काही कागद द्यायला आत गेले होते, त्यामुळे ऐकलं. तिने इंग्रजीत विचारलं, सर, तुम्ही अजून आवाजासाठी प्रार्थना करता?

"रोज," यंत्र म्हणालं.

"आणि?"

"आणि काही नाही."

"मग का करता?"

सरांनी खडू खाली ठेवला. शिक्षकाला उत्तर येत नसेल तेव्हा तो जे करतो त्यातलं त्यांनी काही केलं नाही. प्रश्न उलटा विचारला नाही, वर्गाकडे बघून हसले नाहीत. म्हणाले, "मला माहीत नाही. पुस्तक उघडा. पान बावन्न."

मला जी गोष्ट सर्वांत जास्त वेळा आठवते ती मात्र गाडीतली आहे. मार्च-एप्रिलमध्ये इथे धुळीचे दिवस असतात. त्या सकाळी निघालो तेव्हा हवा नुसती पिवळट होती. अर्ध्या वाटेत समोरची गाडी दिसेनाशी झाली. सरांचा श्वास सरळ छातीत जायचा, मध्ये नाकाची गाळणी नव्हती. वहिनींनी दिलेला ओला रुमाल त्यांनी गळ्याशी धरला होता, तरी खोकल्याची उबळ येऊ लागली. त्या खोकल्याला आवाज नसे. नुसतं अंग हलायचं. रफिकभाईंनी गाडी कडेला घेतली, काचा घट्ट केल्या, एसी बंद केला. मी मागून बाटलीतलं पाणी दुसऱ्या रुमालावर ओतून दिलं. दहा मिनिटांनी उबळ थांबली.

धूळ ओसरेपर्यंत थांबणं भाग होतं. सरांनी पाटी घेतली, काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि रफिकभाईंकडे धरली. मला मागून दिसत होतं. 'आज सकाळी प्रार्थना केली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.'

मग खाली आणखी लिहिलं, 'भांडलो नाही. रागही नव्हता. बोलावंसंच वाटलं नाही.'

रफिकभाईंनी पाटी दोनदा वाचली. म्हणाले, "मग रोज गाडीत डोळे मिटता ता काय?"

सरांनी लिहिलं, 'आज मिटले. आत काही नव्हतं.'

रफिकभाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, "सर, आज तुमी ऱ्हावा. तुमच्या बदली मी मागतो. माझा वशिला नाय काय मोठा, पण मागतो." आणि त्यांनी तिथेच दोन्ही तळहात समोर धरले आणि तोंडातल्या तोंडात दुवा मागितली. मध्येच एकदा सरांचं पूर्ण नाव स्पष्ट ऐकू आलं, बापाच्या नावासकट. फॉर्म भरताना सांगतात तसं. सरांनी मान खाली घातली होती. रफिकभाईंनी हात चेहऱ्यावरून फिरवले तेव्हा सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो शाळा येईपर्यंत तिथेच होता.

त्यानंतर सर परत बोलू लागले, म्हणजे देवाशी. किती दिवसांनी ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी हॉस्पिटलमधून त्यांना एक विनंती आली. असंच ऑपरेशन झालेल्या लोकांना भेटाल का? छिद्राची स्वच्छता कशी ठेवायची, यंत्र कुठे दाबायचं, हे डॉक्टरपेक्षा असा माणूस चांगलं सांगतो. सर शनिवारी जाऊ लागले. केरळचे ड्रायव्हर, पाकिस्तानी गवंडी, इथले स्थानिक, जो असेल तो. सरांचं अरबी भाजीबाजारापुरतं होतं, पण या कामाला भाषा फारशी लागत नसे.

स्टाफरूममध्ये आमची एक सहकारी भाविकपणे म्हणाली, "बघा सर, म्हणूनच देवाने तुमचा आवाज घेतला. या लोकांसाठी."

सरांनी यंत्र लावलं. "आवाज असता तर मी तिकडे गेलो नसतो, हे खरं. पण म्हणून हेच उत्तर, असं मला म्हणता येणार नाही. माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नाही." आणि म्हणाले, "मुलांना सुद्धा मी हेच सांगतो. निष्कर्ष माहीत नसेल तर ओढूनताणून लिहू नका. मार्क कापतो." ती बाई जरा दुखावली. सरांना ते कळलं असावं, कारण दुपारी त्यांनी तिला आपल्या डब्यातली करंजी नेऊन दिली.

साठी झाली, काँट्रॅक्ट संपलं. दोघं नगरला परत जाणार होते. मार्थावहिनी शेवटच्या महिन्यात दोन शुक्रवार हॉलवर गेल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "निरोप घ्यायला गेले होते, माणसांचा."

ते जाण्याआधीच्या शनिवारी मी रक्त तपासायला हॉस्पिटलात गेले होते. नंबरची वाट बघत कॉरिडॉरमध्ये बसले होते. समोरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत पलंगावर एक बहारीनी म्हातारा, पांढरी दाढी, गळ्याला नवं बँडेज. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. खुर्चीवर साळवे सर होते. यंत्र त्यांच्या खिशात होतं. ते काही शिकवत नव्हते, दाखवत नव्हते, नुसते बसले होते.

मग म्हातारा वळला. त्याने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. तोच हात वर केला, छताच्या दिशेने, आणि पंजा उलटा करून हलवला. इथली माणसं 'हे काय, का म्हणून' असं विचारताना हलवतात तसा.

सरांनी छताकडे पाहिलं. मग त्यांनीही आपला हात वर केला आणि पंजा तसाच हलवला.

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलू लागले. मला आधी वाटलं तो रडतोय. तो हसत होता. सरही हसत होते. दोघांच्या तोंडून काडीचाही आवाज येत नव्हता, आणि दोघांचे हात अजून वरच होते.

माझा नंबर पुकारला गेला आणि मी उठले.